फडावरचे गाव : पाटोदा तालुक्यातील कामाचे आणि मोकळिकीचे दिवस

दिवाळीच्या चार-आठ दिवस मागेपुढे बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात एखाद्या वाडीवर गेले, तर गल्लीगल्लीत कुलपे दिसतात. ओट्यावर म्हातारी माणसे, शाळेसाठी मागे ठेवलेली काही मुले आणि राखणीची कुत्री, एवढेच गाव उरलेले असते. त्याच वाडीवर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास जावे, तर पाय ठेवायला जागा नसते. लग्ने, जत्रा, सप्ताह, कुस्त्यांचे हगामे, जागरण-गोंधळ, सगळे त्या महिन्या-दीड महिन्यात दाटीने उरकायचे असते. सण तेच आहेत, माणसेही तीच आहेत. त्यांचा मोकळा वेळ मात्र वर्षाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला आहे. तो कधी आणि कोणत्या कारणाने गेला, याचा माग काढण्याचा हा प्रयत्न.

मराठीत फावल्या वेळाचा इतिहास लिहिला गेला तो बहुतेक शहरांचा. नाटकमंडळ्या, जिमखाने, गणेशोत्सवातले मेळे, गिरणगावातली भजनी मंडळे यांवर चांगले काम झाले आहे. खेड्यांच्या वाट्याला मात्र लोकसाहित्य आले. ओव्या जमवल्या गेल्या, भारुडे जमवली गेली, आणि ते कामही मोठेच आहे; गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्यांत आमच्या जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्याही आहेत. पण गाणाऱ्या माणसाला गायला वेळ केव्हा मिळत होता, त्या वेळाची किंमत कोण मोजत होते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. पाटोद्यापुरता तरी तो विचारल्याशिवाय इथल्या जत्रेचा किंवा तमाशाचा इतिहास उलगडत नाही.

आधी जमीन पाहू, कारण वेळाचे मूळ तिच्यात आहे. पाटोदा तालुका बालाघाटाच्या रांगेत आहे. मांजरा नदीचा उगम याच तालुक्यात गवळवाडीजवळ होतो. इथून निघून ही नदी ७२४ किलोमीटर वाहते आणि गोदावरीला मिळते. खाली लातूर-बीदरकडे तिच्या नावाने धरणे आणि कारखाने आहेत. उगमाशी मात्र पाणी थांबत नाही. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला सौताडा. तिथे विंचरणा खोल दरीत उडी घेऊन जामखेडकडे निघून जाते. श्रावणात तो धबधबा आणि दरीतले रामेश्वर पाहायला लांबलांबून माणसे येतात. पाणी येते, दिसते आणि जाते, असा हा मुलूख. माथ्यावरची रान हलकी, मुरमाड, उताराची, आणि पाऊस पर्जन्यछायेतला. म्हणून मुख्य पीक खरिपाचे : बाजरी, मटकी, हुलगा, तूर. नदीकाठच्या थोड्या भारी रानात रब्बीची ज्वारी. बाजरीचे खळे उरकले की माथ्यावरच्या कुणब्याला पुढच्या मृगापर्यंत रानात सलग काम म्हणून उरत नसे.

हा रिकामा काळच जुन्या पाटोद्याच्या करमणुकीचा काळ होता. कार्तिकात पहाटेचा काकडा. कार्तिकी पौर्णिमेला बीडजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा. मग हिवाळाभर सोंगी भारुडे, गोंधळ, एखादा तमाशा. नंदीबैलवाला, बहुरूपी, वासुदेव, डोंबारी ही मंडळी याच दिवसांत गावात शिरत, आणि त्याला साधे कारण होते. त्यांचे मोल पायलीने मिळे, आणि पायलीभर देण्याइतके धान्य घरात असण्याचे दिवस हेच. माघ सरला की यात्रांचा हंगाम. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत, आष्टी तालुक्यात सावरगावला मच्छिंद्रनाथांच्या मायंब्याला पाडव्याची गर्दी, आणि चैत्रात गावोगावच्या जत्रा. पैठणहून गोदावरीचे पाणी कावडीने खांद्यावर आणायचे, ग्रामदैवताला घालायचे, रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी हगामा. हगाम्यात नारळावरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होई आणि शेवटच्या कुस्तीला भारी इनाम लागे.

या चित्राला सोन्याचा मुलामा देण्याचे मात्र कारण नाही. शेतीतला रिकामा काळ म्हणजे बेकारीचाही काळ. पाऊस हुकला की त्याच हिवाळ्यात अर्धे गाव पोटासाठी खाली उतरत असे. शिवाय जत्रा सगळ्यांची सारखी नव्हती. छबिन्यापुढे रात्रभर हलगी वाजवणाऱ्या महार-मांगांना ती करमणूक नव्हती. ते गावकीचे काम होते, आणि चुकले तर बलुते बंद होई. एकाच रात्री एकाचा सण आणि दुसऱ्याची बिगार, हे जुन्या फावल्या वेळाचे खरे रूप. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने ही कामे सोडायला सांगितले, तेव्हा गावातल्या जत्रांचे गणितच बिघडले, हे आजही म्हातारी माणसे आडून आडून सांगतात. वाजवणाऱ्याने स्वतःच्या वेळावर हक्क सांगितला, एवढाच त्याचा अर्थ.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पाटोदा आणि आष्टी हे तर अगदी सीमेवरचे तालुके. पलीकडे इंग्रजी अंमलातला नगर जिल्हा. सीमेवर करोडगिरीचे नाके, म्हणजे जकातीची चौकी. अलीकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार रुपया. सरकारी कागदावर फसली साल, आणि ते सुरू होई ऑक्टोबरात, आजूर महिन्याने. सभा भरवायची तर 'गश्ती निशाण ५३' या हुकमाने आधी परवानगी घ्यावी लागे. लोकांना एकत्र येण्याला अशी अडचण असल्याने कीर्तन, भजन आणि सप्ताह यांना इथे नुसत्या भक्तीपलीकडे वजन आले. रात्री चार गावची माणसे एकत्र बसू शकतील अशी जागा तीच होती. गहिनीनाथगड याच तालुक्यात आहे. वामनभाऊंनी आणि पुढे सीमेपलीकडच्या भगवानगडाच्या भगवानबाबांनी जे सप्ताह उभे केले, त्यांना या मुलखात एवढे मोठे बळ का मिळाले, याचा विचार ही पार्श्वभूमी लक्षात घेऊन व्हायला हवा.

आता साखर. ती आली पलीकडून. नगर जिल्ह्यात गोदावरी-प्रवरेचे कालवे झाले, १९२०च्या आगेमागे हरेगावला बेलापूर कंपनी उभी राहिली. १९३२ साली सरकारने देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला आणि दख्खनेत कारखाने भराभर निघाले : फलटणजवळ साखरवाडी, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर. मग स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना काढला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. पुढच्या वीस वर्षांत नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात सहकारी कारखान्यांची माळ लागली.

ऊस तोडायचा असतो ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, साखर उतारा चांगला असतो तेव्हा. म्हणजे बालाघाटावरचा माणूस जेव्हा रिकामा असतो, नेमके तेव्हाच. कालव्याखालच्या गावांत त्या दिवसांत स्वतःचीच कामे असतात, मजूर मिळत नाही. शंभर-दोनशे किलोमीटरवर मात्र आख्खा डोंगर मोकळा बसलेला. कारखान्यांच्या नजरेत ही मोकळीक आली आणि तिला भाव फुटला. सुरुवातीला थोडी माणसे गेली. ओझ्याच्या बैलांवर मालाची वाहतूक करणाऱ्या वंजारी समाजाचा धंदा रेल्वेने आणि पक्क्या सडकांनी पूर्वीच मोडला होता. बैल आणि वाटेची सवय मात्र शिल्लक होती. त्यांच्या गाड्या आधी निघाल्या. मागोमाग मराठा, दलित, धनगर, बंजारा, सगळ्याच जातींतले हलक्या रानाचे आणि बिनरानाचे लोक निघाले. १९७२च्या दुष्काळाने उरलेसुरले बांध फोडले. लोकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी खाल्ली. आणि दुष्काळ सरल्यावरही जे कोयता घेऊन गेले ते दर वर्षी जातच राहिले.

फसली साल ऑक्टोबरात सुरू होई, हे वर सांगितले. आजचे साखर वर्षही १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असेच मोजतात. हा योगायोग आहे, दुसरे काही नाही. पण पाटोद्याच्या माणसाच्या बाबतीत पाहावे तर राज्य बदलले तरी वर्ष दुसऱ्याच कुणीतरी सुरू करून द्यायचे, हे काही चुकले नाही.

मुकादमाची वही हे या इतिहासाचे अस्सल साधन. मुकादम म्हणजे कारखान्याच्या किंवा वाहतूकदाराच्या वतीने टोळी जमवणारा मधला माणूस, बहुधा त्याच गावचा किंवा शेजारचा. पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, तो उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. उचल घेतली म्हणजे येणारा हिवाळा विकला. मग सहा महिने तोडलेल्या टनावर ती फिटत जाते, आणि नाही फिटली तर पुढच्या वर्षाच्या पानावर चढते. जुन्या वह्यांमध्ये पाने सारखीच असतात : नाव, उचल, पंधरवड्याला दिलेले पैसे, टन आणि खाडे.

या शेवटच्या शब्दापाशी मी बराच थांबलो आहे. खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. ताप आला, बैल बसला, मूल जन्मले, सोयऱ्याचे मयत झाले, यात्रेला गेला : वहीत सगळ्यांना एकच शब्द, आणि प्रत्येकाला दंड. गिरणी कामगाराला रविवार मिळाला, सरकारी नोकराला रजा मिळाली; त्यांच्या कागदांवर सुटी हा स्वतंत्र रकाना आहे. पाटोद्याच्या तोडकऱ्याचा मोकळा दिवस लेखी पुराव्यात कुठे सापडत असेल, तर तो दंडाच्या रकान्यात. फावल्या वेळाचा इतिहास लिहायचा तर इथे तो उलट्या बाजूने वाचावा लागतो.

बाईच्या वाट्याला हा रकाना आणखी जड येतो. पाळीच्या चार दिवसांत मोळी उचलवत नाही, फडावर आडोसा नाही, पाणी नाही. आणि खाडा तर परवडत नाही. बीड जिल्ह्यातल्या तोडकरी बायांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याची चर्चा राज्यभर झाली, तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणीत ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांतल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. त्यामागे डॉक्टरांचा लोभ किती, भीती किती, अज्ञान किती, याची चर्चा जाणकारांनी केली आहे. मला त्यात खाड्याचा हिशेबही दिसतो.

आता त्या सहा महिन्यांच्या गावाकडे वळू. कारखान्याच्या किंवा उसाच्या गावाच्या कडेला, कालव्याच्या भरावालगत, पडीक रानात कोप्या उभ्या राहतात. चार बांबू, तट्ट्या, वर पाचट. अलीकडे पाचटाच्या जागी निळा-काळा प्लास्टिकचा कागद. आत वाकून शिरायचे. बाहेर चूल, बैल, दोन शेळ्या, पाठीमागे लागून आलेले गावचे कुत्रे. एका तळावर पन्नास-शंभर कोप्या म्हणजे गावच, पण ते ग्रामपंचायतीत नाही, सातबाऱ्यावर नाही आणि मे महिन्यात जमिनीवरही नाही. कोल्हापूरला कसबा बावड्याचा राजाराम कारखाना तर शहराला खेटून आहे. इतरत्रही कारखान्याभोवती बाजार, थेटर, दवाखाना, शाळा अशी छोटी शहरे वाढली आहेत. शहराचे दिवे कोपीतून दिसतात. कोपीत मात्र चिमणी असायची. आता मोबाईलची बॅटरी असते. अशी ही उपनगरे. नकाशावर ज्याला उपनगर म्हणतात त्यात नि यात फरक एवढाच, की इथे येणारा प्रत्येक जण परत जाण्याच्या बोलीवर आलेला असतो.

दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. बाई उठते, भाकरी थापते, आणि अंधारातच टोळी फडावर पोहोचते. दुपारपर्यंत तोड, मग मोळ्या बांधणे, मग भरणे. ज्यांची बैलगाडी आहे ते 'गाडी सेंटर'चे. ते स्वतःच भरून कारखान्यावर नेतात आणि काट्यापुढच्या रांगेत रात्र काढतात. ज्यांना गाडी नाही ते 'डोकी सेंटर'चे. ते डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. ट्रक केव्हा येईल याला धरबंध नाही. रात्री अकराला आला तर अकराला भरायचा. म्हणून कोपीवरचा मोकळा वेळ ठरवून मिळत नाही. तो अडखळल्यासारखा मिळतो. ट्रकला उशीर झाला, कारखान्याचा मिल बंद पडला, अवकाळी पाऊस झाला, की तासभर, दिवसभर मोकळीक. मग पत्ते निघतात, पोरांचा विटीदांडू निघतो, बाया एकमेकींच्या उवा बघत बसतात, कुणी भजनाचा टाळ काढतो. एके काळी आकाशवाणीवरची 'आपली आवड' लागायची, मग टेप आला आणि प्रल्हाद शिंदे यांची गाणी, तमाशातल्या वगांच्या आणि कीर्तनाच्या कॅसेटी तळातळावर घुमू लागल्या. काट्यापुढच्या रांगेत तर गाडीवानांची खरी बैठक भरे. उसाने भरलेल्या गाड्या, जू उतरवलेले बैल, शेकोटी, आणि पहाटेपर्यंत गप्पा. तिथेच सोयरिकी जुळत, तिथेच निवडणुकीची मते ठरत.

या करमणुकीला पैसा कुठून येई? उचल तर आधीच संपलेली. पंधरवड्याचे पैसे दाण्यागोट्याला. उत्तर आहे वाढ्यात. उसाचा शेंड्याकडचा हिरवा भाग, वाढे, तोडकऱ्याचा असतो. गावातले दूधवाले वैरण म्हणून ते रोज विकत घेतात. ती रोकड त्याच दिवशी हातात पडते आणि ती कोणत्याही वहीत चढत नाही. बाजारच्या दिवशीचा चहा-भजी, पोराला फुगा, मटणाचा वाटा, बाईची बांगडी, तमाशाचे तिकीट, हे सगळे वाढ्यावर. सगळे विकून झाल्यावर शेंड्याला जे उरते त्यावर हौस, असा हा हिशेब. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत टनाचा दर असतो, वाढ्याचा नसतो. जानेवारी २०२४मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली, तिची बातमी झाली. वाढ्याचा भाव पडला तर त्याची बातमी होत नाही, पण कोपीवर त्या आठवड्यात गोडाधोडाचे होत नाही.

सणही तिथेच होतात. दिवाळीला कोपीच्या तोंडाशी पणती लागते. ज्याच्या रानात तोड चालू आहे त्याच्या घरून फराळ येतो. कुठे ताटभर, कुठे पिशवीभर, कुठे नाहीच. संक्रांतीला बाया फडावरून आल्यावर रात्री वाण लुटतात, हळदीकुंकू लावतात, आणि ऊस तर काय, हाताशीच असतो. पौषात पालीला खंडोबाची यात्रा, जवळ असेल त्याप्रमाणे जेजुरी, जोतिबा, पंढरपूर : एक खाडा धरून टोळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाऊन येते. माझ्या पाहण्यात असे, की पाटोदा-शिरूरकडच्या पुष्कळ म्हाताऱ्यांनी अंबाबाई, जोतिबा पाहिले ते तोडीच्या निमित्तानेच. उसाने त्यांना महाराष्ट्र दाखवला, असे म्हटले तर ते खोटे नाही. किती रुपयांना दाखवला, ते वहीत आहे.

'फड' हा शब्द या सगळ्यात कितीदा आला पाहा. उसाचा फड, कुस्तीचा फड आणि तमाशाचाही फड. यांतल्या पहिल्याचे आणि तिसऱ्याचे नाते नुसते शब्दाचे नाही. तमाशाचा फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत फिरतो. तोडकऱ्यांचा फडही जवळजवळ तेव्हाच. तमासगिरालाही मालकाकडून उचल मिळते आणि तीही हंगामभर फेडावी लागते. जुन्नर तालुक्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा-पंच येऊन सुपारी देतात. ती सुपारी वाढली उसाच्या पैशावर. कारखान्याच्या मुलखात जत्रेची वर्गणी जड झाली, म्हणून तमाशा तिकडे झुकला. आमच्या डोंगरावरच्या गावांना परवडणारे छोटे फड मात्र हळूहळू आटले. म्हणजे तोडकऱ्याने आपला हिवाळा विकला, त्या हिवाळ्यातून साखर झाली, साखरेतून वर्गणी, आणि वर्गणीतून तमाशा. आणि तो त्याने पाहिला तो तिकडच्या जत्रेत, तंबूच्या मागच्या अंगाला बसून.

हंगाम सरतो तेव्हाचे दृश्य मात्र वेगळे. शेवटच्या खेपेची गाडी सजवतात. बैलांची शिंगे रंगवतात, गाडीवर झेंडा, उसाचे तोरण, पुढे हलगी, गुलाल. ज्या बायांनी सहा महिने डोक्यावर मोळ्या वाहिल्या त्याही नाचतात. कारखान्याची सांगता अध्यक्षांच्या भाषणाने होते ती वेगळी, ही वेगळी.

मग परतीची वाट. बैलगाड्यांच्या काळात कर्जत-जामखेडवरून मुक्काम करत यायला दिवसच्या दिवस लागत, आणि त्या मुक्कामांत बरीच मौज होती असे जुने लोक सांगतात. आता ट्रक-ट्रॅक्टर एका रात्रीत आणून सोडतात. आल्या आल्या सगळे एकदम सुरू होते. भगवानगडाचा नारळी सप्ताह चैत्रातला. पुढच्या वर्षी जे गाव सप्ताह घेणार त्याच्या हाती नारळ दिला जातो, आणि ते गाव वर्षभर तयारीला लागते. भीमजयंती १४ एप्रिलची. टोळी वेळेवर परतली तर गावात, नाहीतर कारखान्यावरच निळे झेंडे लावून. मग जत्रा, मग लग्ने. ही लग्नाची घाई साधी नाही. जोडी झाली की पूर्ण कोयता होतो आणि पूर्ण कोयत्याची उचल मिळते. शिवाय पोर वयात आली की तिला म्हातारीपाशी ठेवून सहा महिने जायचे कसे, ही धास्ती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. वैशाखातल्या वाजंत्रीचा इतिहास लिहिताना ही टक्केवारी बाजूला ठेवता येत नाही.

दसऱ्याचेही रूप याच चक्रात बदलले. पूर्वी तो सीमोल्लंघनाचा, खळ्याच्या तयारीचा सण होता. आता तो निरोपाचा सण आहे. गोपीनाथ मुंडे यांनी भगवानगडावर दसरा मेळावा मोठा केला, आणि २०१७पासून पंकजा मुंडे यांचा मेळावा पाटोदा तालुक्यातच, भगवानबाबांच्या जन्मगावी सावरगाव घाटला होतो. राजकारणाचे जाणकार त्यात जातीचे गणित पाहतात, ते असेलही. पण एवढी माणसे दसऱ्यालाच का जमू शकतात, याचे एक कारण पंचांगाबाहेरचे आहे : आणखी पंधरा दिवसांनी ती गावात नसतात. १५ नोव्हेंबर २०२४ला गाळप सुरू झाले आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. लाखो तोडकऱ्यांचे मत हुकणार, यावरून तेव्हा न्यायालयापर्यंत वाद गेला. दिवाळी हुकते यावरून कुणी कधी न्यायालयात गेलेले नाही.

गेल्या काही वर्षांत हे बसलेले चक्र दोनदा मोडले. २४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी लागली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. ऊस तोडायचा चालूच राहिला, पण परतीची वाट बंद झाली. १७ एप्रिलला सरकारने परवानगी दिली तेव्हा ३८ कारखान्यांवर १ लाख ३१ हजार तोडकरी अडकलेले होते. माणसे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर गावी आली आणि शाळेत, रानात विलगीकरणात बसली. त्या वर्षी कावडी निघाल्या नाहीत, हगामे झाले नाहीत, लग्ने पाच-पंचवीस माणसांत लागली. दुसऱ्यांदा २०२२मध्ये. आदल्या पावसाने ऊस उदंड झाला आणि हंगाम पार जूनपर्यंत लांबला. चैत्र गेला, वैशाख गेला, मृग लागला तरी टोळ्या फडावरच. उन्हाच्या तडाख्यात काम, आणि गावाकडे पेरणीची वेळ आलेली. त्या वर्षी वैशाखही विकला गेला, आणि तोही जुन्याच भावात.

आता फडात हार्वेस्टर उतरले आहे. एक यंत्र कित्येक टोळ्यांचे काम करते, सरकार त्याच्या खरेदीला अनुदान देते, आणि कारखान्यांना मुकादमाच्या बुडीत उचलींपासून सुटका हवीच आहे. उचल घेऊन ऐनवेळी टोळी न आणणारे मुकादम आणि त्यापायी बुडालेले वाहतूकदार, यांच्या तक्रारी दर हंगामात असतात. कष्ट सुटले तर वाईट वाटायचे कारण नाही. दुसरीकडे पाटोद्याच्या माथ्यावरची जमीन १९५० साली होती तेवढीच हलकी आहे. हंगामी वसतिगृहांमुळे आणि आजीपाशी राहून शिकलेली बरीच पोरे कोयत्याकडे परत वळली नाहीत. पुण्याच्या कडेला चाकण-हिंजवडीच्या बाजूला खोली करून राहिली आहेत आणि चैत्रातल्या जत्रेला दोन दिवसांची रजा काढून येतात. ज्यांना ती वाट मिळाली नाही, त्यांना मुकादम यंदा सांगू लागले आहेत की कोयते कमी लागतील. पावसाळ्यात उचल आली नाही, तर येत्या कार्तिकात त्या घरांना कुलूप लागणार नाही आणि दिवाळी गावातच होईल. तिचा किराणा कुठून भरायचा, हे मात्र अजून कोणत्याच वहीत आलेले नाही.